जनरेटरची काजळी आणि पांढरी गाडी : एक प्रकरण अभ्यास

पुण्याच्या पूर्व भागातील एका सात मजली सोसायटीत उभी राहणारी, २०१७ साली घेतलेली एक पांढरी डिझेल सेडान जुलैच्या अखेरीस आमच्याकडे रंगाच्या तक्रारीसाठी आली. गाडी कितीही धुतली तरी बॉनेटवर आणि टपावर करडी झाक राहते, बोट फिरवले तर काळे लागते आणि मागच्या बंपरवर सायलेन्सरच्या तोंडाभोवती तपकिरी-काळा पट्टा पडला आहे, असे मालकांचे म्हणणे होते. एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याने रंग ‘खाल्ला गेला’ असल्याचे सांगून बॉनेट आणि बंपर पुन्हा रंगवण्याचा सल्ला त्यांना दिला होता, तर एका वॉशिंग सेंटरने रबिंग कंपाउंड (रंग घासून चमकवणारी खरखरीत पेस्ट) मारून तासाभरात गाडी नव्यासारखी करून देण्याची हमी दिली होती. हे दोन्ही सल्ले का बाजूला ठेवले आणि त्यांच्याऐवजी काय केले, याची ही नोंद आहे. एकाच गाडीवर दोन वेगळ्या धुरांची काजळी होती आणि ती दोन वेगळ्या रंगांवर बसली होती. त्यामुळे एका भागावर जे चालले ते दुसऱ्या भागावर करता आले नाही.

गाडीवर आधी झालेले उपचार

काजळीच्या तक्रारीत गाडीवर आधी काय काय घासले गेले हे विचारल्याशिवाय हात लावू नये. येथे सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा रोज पहाटे एकाच बादलीत फडके बुडवून ओळीने सगळ्या गाड्या पुसत असे. पावसाळ्यात गाडी ओलीच असते म्हणून तो बादलीही टाळी आणि पिळलेले फडके टपावरून थेट फिरवी. अशा पुसण्याने काजळी निघत नाही, ती पसरते. फडक्यात आधीच्या गाड्यांची माती असतेच, आणि मातीतले क्वार्ट्झचे कण गाडीच्या रंगावरील पारदर्शक थरापेक्षा, म्हणजे क्लिअर कोटपेक्षा, कितीतरी कठीण असतात. काजळीचा कण स्वतः मऊ आणि अतिसूक्ष्म असतो, तो एकटा चरे पाडत नाही; पण त्याचा तेलकट थर मातीच्या कणांना धरून ठेवतो आणि फडके ते कण रंगावरून ओढत नेते.

मालकांनी स्वतः दोन उपाय केले होते. पहिला, भांडी घासण्याच्या लिक्विडने गाडी धुणे. या लिक्विडने रंग जळतो असे जे सांगितले जाते ते अतिशयोक्त आहे. एकदोनदा वापरल्याने क्लिअर कोटचे काही बिघडत नाही. मात्र त्यावरचा मेणाचा थर निघून जातो आणि उघड्या पृष्ठभागावर पुढची काजळी अधिक घट्ट बसते. दुसरा उपाय रॉकेलचा. रॉकेलने काजळीतला तेलकट भाग विरघळतो, त्यामुळे पुसताक्षणी बॉनेट स्वच्छ दिसते आणि उपाय लागू पडला असे वाटते. परंतु रॉकेल सावकाश उडते, त्याची पातळ साय पृष्ठभागावर राहते आणि दुसऱ्या दिवशीची धूळ तिला चिकटते. शिवाय दाराच्या आणि काचेच्या रबरी पट्ट्या रॉकेलने फुगतात. या गाडीच्या पुढच्या काचेखालच्या पट्टीचे एक टोक तसे सैल झाले होते.

काजळी कोणाची

गाडी डिझेलची असल्यामुळे सगळी काजळी तिच्याच सायलेन्सरची असावी असे मालकांनी गृहीत धरले होते. बंपरपुरते ते खरे होते. भारतात १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराची बीएस-६ मानके लागू झाली आणि त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात कण अडवणारे फिल्टर आले. अशा गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवले तरी ते सहसा फारसे काळे होत नाही. ही गाडी बीएस-४ काळातली, फिल्टर नसलेली. तिच्या मागे काजळी जमणे स्वाभाविकच होते. पण मागून निघणारा धूर चालत्या गाडीच्या बॉनेटवर बसत नाही. बॉनेटवरची काजळी दुसरीकडून येत होती.

पहिला धागा गाडीवरच दिसला. करडी झाक बॉनेट, टप आणि डाव्या बाजूच्या दारांच्या वरच्या भागावर होती. उजवी बाजू जवळपास स्वच्छ होती. झाकेमध्ये मोहरीएवढे आणि त्याहून लहान तपकिरी-काळे ठिपके होते, आणि ठिपक्याभोवती किंचित पिवळट कडा होती. साध्या पांढऱ्या टिश्यू पेपरचा एक तुकडा अशा ठिपक्यांवर अलगद दाबून ठेवला, मग दुसरा तुकडा बंपरवरच्या पट्ट्यावर दाबला, आणि दोन्ही वाळू दिले. बंपरवरच्या कागदावर कोरडा राखाडी ठसा उमटला होता. बॉनेटवरच्या कागदावर मधोमध काळा डाग आणि त्याभोवती उजेडात धरल्यावर अर्धपारदर्शक दिसणारे कडे होते. पाणी वाळून जाते, तेल वाळत नाही. म्हणजे बॉनेटवर पडत होती ती काजळी न जळलेल्या इंधनाने किंवा वंगणाने भिजलेली होती. दाखवायला कसलेही उपकरण लागत नसल्यामुळे ही चाचणी मला विशेष पसंत आहे. गाडीचा मालक ती स्वतः करू शकतो आणि त्याचा विश्वास बसतो.

सोसायटीत जाऊन पाहिल्यावर उलगडा झाला. गाडीची जागा सोसायटीच्या डिझेल जनरेटरच्या शेडपासून पूर्वेला होती, आणि गाडी पार्किंगमध्ये डावी बाजू शेडकडे करून उभी राहत असे. जून ते सप्टेंबर या काळात पुण्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वाहतो. नेमक्या याच काळात वीज जाण्याचे प्रमाण वाढते आणि जनरेटर अधिक चालतो. हिवाळ्यात हीच गाडी याच जागी काजळीवाचून उभी राहते, असे मालकांनी नंतर आठवून सांगितले.

जनरेटर १०० केव्हीए क्षमतेचा होता, पण वीज गेल्यावर त्यावर फक्त एक लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे एवढाच भार येई. डिझेल इंजिन त्याच्या क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांहून कमी भारावर दीर्घकाळ चालवले तर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, इंधन पूर्ण जळत नाही, आणि न जळलेले डिझेल काजळीसह धुराच्या नळीत साचत जाते. जनरेटरच्या धंद्यात याला ‘वेट स्टॅकिंग’ म्हणतात. नळीच्या सांध्यांवर काळा चिकट ओघळ दिसला की ते ओळखावे. त्यात दर आठवड्याला जनरेटर भाराविना चालवून पाहण्याची पद्धत होती, आणि तिने समस्या वाढत होती. शेडच्या भिंतीतून नळी आडवी बाहेर काढलेली, तिच्या तोंडावर झाकण नाही. पावसाचे पाणी आत शिरे आणि जनरेटर सुरू होताच पहिल्या झटक्यात तेलकट काळे तुषार बाहेर फेकले जात. बॉनेटवरचे ठिपके तेच.

नियम याबाबत स्पष्ट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रानुसार धुराच्या नळीची किमान उंची, मीटरमध्ये, इमारतीची उंची अधिक केव्हीएच्या वर्गमुळाची ०.२ पट इतकी असावी लागते. १०० चे वर्गमूळ १०, त्याची ०.२ पट म्हणजे २; तेव्हा १०० केव्हीएच्या जनरेटरची नळी इमारतीच्या वर २ मीटर गेली पाहिजे. जनरेटर स्वतंत्र शेडमध्ये असल्याने इमारत म्हणजे शेडच, असा सोसायटीच्या समितीचा युक्तिवाद होता. तो क्षणभर मान्य केला तरी तीन मीटरच्या शेडवर दोन मीटर मिळून पाच मीटर उंची हवी होती, आणि प्रत्यक्षात नळीचे तोंड माणसाच्या डोक्याच्या जरा वर होते.

पाणी का पुरत नाही

डिझेलच्या काजळीचे मूळ गोलक सुमारे २० ते ५० नॅनोमीटर व्यासाचे असतात आणि ते साखळ्यांच्या व गुच्छांच्या रूपात एकमेकांना चिकटलेले असतात. गाभा कार्बनचा, त्यावर जड हायड्रोकार्बनचा आणि वंगणाचा थर. कार्बन पाण्यात विरघळत नाही आणि तेलकट थर पाण्याला दूर ठेवतो, म्हणून नुसत्या पाण्याचा फवारा काजळीवरून घसरून जातो. तिला उचलायचे तर आधी तेलाचा बंध सुटला पाहिजे. तो साबणाने, सौम्य अल्कधर्मी क्लीनरने किंवा योग्य द्रावकाने सुटतो. घासणे हा त्यानंतरचा, आणि शक्यतो टाळण्याचा भाग आहे. रबिंग कंपाउंडचा सल्ला याच कारणाने चुकीचा होता: कंपाउंड काजळी सोडवत नाही, तो तिच्याखालचा रंग खरवडून काजळीही सोबत नेतो, आणि त्या वेळी पृष्ठभागावर असलेली मातीही पॅडखाली भरडली जाते.

आधुनिक गाडीच्या कारखान्यातल्या रंगाची एकूण जाडी सामान्यतः १०० ते १४० मायक्रॉन भरते. तिच्यातला वरचा क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचाव करणारे घटक याच थरात असतात, आणि तो आयुष्यभर पुरवून वापरायचा असतो. दर पावसाळ्यानंतर कंपाउंड मारणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटवर काही वर्षांत पांढुरके पापुद्रे सुटतात, त्यामागे बऱ्याचदा हाच हिशेब असतो.

रंगाची तपासणी

जाडी मोजण्याच्या मीटरने बॉनेटवर ११० ते १२५, टपावर १०५ ते १२० आणि दारांवर त्याच आसपासचे आकडे दाखवले. हा कारखान्याचा मूळ रंग होता. त्यामुळे ‘रंग खाल्ला गेला’ हे निदान मागे पडले. टॉर्च तिरपी धरल्यावर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जाळ्यासारखे बारीक चरे दिसले. पुसण्याच्या फडक्याने पडलेले ते चरे काजळीने भरल्यामुळे पांढऱ्या रंगावर करडे उठून दिसत होते. असे भरलेले चरे डागासारखे वाटतात, आणि डाग समजून त्यांवर जोर लावला की चरे वाढतात.

बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे नेहमीचा मीटर तेथे निरुपयोगी असतो. तो लोखंड किंवा अॅल्युमिनियमवरच चालतो. तेथे डोळ्यांनीच काम करावे लागले. बंपरचा पांढरा रंग डिकीच्या पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळा होता, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होता, आणि मागच्या रिफ्लेक्टरच्या कडेला मास्किंग टेपची रेघ व तिच्यापलीकडे रंगाचे उडालेले तुषार होते. बंपर पूर्वी रंगवलेला होता. विचारल्यावर मालकांनी दोन वर्षांपूर्वी एका रिक्षाची धडक बसल्याचे आणि जवळच्या गॅरेजमध्ये स्वस्तात काम करून घेतल्याचे सांगितले.

रंगवलेल्या भागावर कोणतेही द्रावक नेण्यापूर्वी एक चाचणी आम्ही करतोच. बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर काळ्या सुती कापडाचा थिनरने ओला केलेला कोपरा काही सेकंद टेकवला. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारे रसायन, घालून नीट पक्का केलेला टू-के (दोन घटकांचा) रंग या परीक्षेत टिकतो आणि कापड स्वच्छ राहते. येथे कापडावर पांढरा रंग आला आणि टेकवलेली जागा चिकट झाली. म्हणजे रंग हार्डनरविना मारलेला होता आणि त्यावर स्वतंत्र क्लिअर कोटही नव्हता. असा रंग थिनर, पेट्रोल, टार रिमूव्हर (डांबराचे डाग काढणारे द्रावक) यांपैकी कशानेही मऊ पडू शकतो, आणि मऊ पडलेल्या रंगात काजळी पुसली जाण्याऐवजी कालवली जाते. याच क्षणी बंपरसाठीची कामाची मर्यादा ठरली.

बॉनेट, टप आणि दारे

काम छताखाली आणि पॅनेल थंड असताना सुरू केले. आधी प्रेशर वॉशरने दीड फुटांवरून, वरून खाली, सैल माती व सुटी काजळी धुऊन काढली. या वेळी हात किंवा कापड गाडीला लावले नाही. त्यानंतर अल्कधर्मी क्लीनर एकास दहा या प्रमाणात पातळ करून फवारला आणि त्यावर फोम टाकला. तीन ते चार मिनिटे तो तसाच राहू दिला. फोम पांढरा पडला होता. खाली उतरताना तो करडा आणि दाराच्या तळाशी जवळपास काळा झाला. येथे घाई केली की फायदा नाही आणि उशीर केला तर तोटा होतो: फोम वाळला तर सुटलेली काजळी परत चिकटते आणि क्लीनरचे ओघळ उमटतात. काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांवर आणि उघड्या अॅल्युमिनियमवर तीव्र अल्कली डाग पाडू शकते, म्हणून त्या जागा आधी साध्या पाण्याने भिजवून घेतल्या आणि आधी धुतल्या. हा पूर्ण क्रम दोनदा केला.

मग दोन बादल्यांची धुलाई. एका बादलीत तटस्थ शॅम्पू, दुसरीत नुसते पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक पॅनेलनंतर पाण्याच्या बादलीत खळबळून मगच शॅम्पूत बुडवायचा. टप आणि बॉनेटसाठी एक मोजा, दारांच्या खालच्या भागासाठी दुसरा. सोसायटीत बोअरचे पाणी होते आणि त्याचे वाळलेले पांढरे डाग काचेवर आधीच दिसत होते, म्हणून शेवटचे पाणी क्षार काढलेले वापरले आणि गाडी लगेच मोठ्या जाड टॉवेलने टिपून घेतली. टॉवेल ओढायचा नाही, पसरून दाबायचा.

एवढ्याने करडी झाक जवळपास सगळी गेली. पुन्हा टिश्यू दाबून पाहिला तेव्हा टपावर कागद कोरा राहिला, बॉनेटवर मात्र ठिपक्यांच्या जागी पुन्हा तेलकट कडे उमटले. येथे टार रिमूव्हर वापरला. आधी डिकीच्या आतल्या कडेवर तपासून, मग मऊ सुती कापडाची घडी त्यात भिजवून ठिपक्यांवर एक मिनिट नुसती ठेवली आणि नंतर हलक्या हाताने एकाच दिशेने उचलत आणली. प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी. बहुतेक ठिपके पहिल्या फेरीत गेले, जुने ठिपके दुसऱ्या फेरीत. गोल गोल चोळण्याची वेळ आली नाही. काम झाल्यावर बॉनेट पुन्हा शॅम्पूने धुतले, कारण टार रिमूव्हरची साय ठेवली तर रॉकेलचीच गोष्ट पुन्हा घडते.

त्यानंतर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटे फिरवली. नुसत्या बोटांना न जाणवणारा खरखरीतपणा पिशवीतून स्पष्ट कळतो. बॉनेटच्या डाव्या अर्ध्या भागात तो होता, टपावर नव्हता. म्हणून क्ले बार, म्हणजे रंगावर रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, फक्त त्या अर्ध्या भागावर वापरला: सौम्य प्रतीचा, भरपूर ल्युब्रिकंट मारून, दीड फूट चौरसाच्या तुकड्यांत, सरळ रेषेत आणि जोर न देता. क्ले सारखा घडी घालून नवी बाजू काढावी लागते, आणि जमिनीवर पडलेला तुकडा कितीही महाग असला तरी टाकून द्यावा लागतो. पूर्ण गाडीला क्ले मारण्याची प्रथा रूढ झाली आहे. ती मला अनावश्यक वाटते. क्लेने थोडे का होईना ओरखडे पडतातच, आणि जेथे खरखर नाही तेथे ते विकत घेण्याचे कारण नाही.

बारीक चऱ्यांसाठी बॉनेटच्या एका कोपऱ्यात एक फूट चौरसाचा तुकडा टेपने वेगळा करून चाचणी घेतली. मऊ फोम पॅड, फिनिशिंग पॉलिश आणि ड्युअल अॅक्शन मशीन एवढ्यावर तिथले दिसणारे चरे पुरेसे कमी झाले, तेव्हा अधिक धारदार पॉलिशकडे जाण्याचे कारण उरले नाही. अशा फेरीत क्लिअर कोटचा अतिशय थोडा अंश जातो. साध्या मीटरची अचूकताच दोन-तीन मायक्रॉनची असल्यामुळे ‘मोजून एकच मायक्रॉन काढला’ असे सांगणाऱ्याचा आकडा गांभीर्याने घेऊ नये. काही खोल चरे तसेच ठेवले. त्यांच्यातली काजळी निघून गेल्याने ते आता करडे दिसत नव्हते, आणि पांढऱ्या रंगावर हात-दीड हातावरून ते शोधावे लागतात. शेवटी बॉनेट, टप आणि डाव्या बाजूवर पॉलिमर सीलंटचा संरक्षक थर दिला.

बंपर

बंपरला मशीन, क्ले आणि द्रावक तिन्ही वर्ज्य होते. क्लीनर एकास वीस प्रमाणात, म्हणजे बॉनेटपेक्षा निम्म्या तीव्रतेचा घेतला. फवारा मारून दोन मिनिटांत मऊ केसांच्या ब्रशने फेस नुसता खेळवला आणि कमी दाबाच्या पाण्याने धुतला. कड उचलली गेलेल्या जागी प्रेशर वॉशरची धार लागली तर अशा रंगाचा पापुद्राच निघतो, म्हणून बंपरपुरता वॉशर बंद ठेवला होता. हे तीनदा केले. प्रत्येक वेळी पट्टा फिकट होत गेला. तिसऱ्या वेळेस फेसात काळेपणा दिसेनासा झाला तेव्हा थांबलो.

सायलेन्सरच्या तोंडाच्या वर तळहाताएवढ्या जागेत एक फिकट तपकिरी छटा शिल्लक राहिली. तेथील रंग धुराच्या उष्णतेने वारंवार मऊ होऊन काजळी आत मुरली होती. तिला काढायचे तर रंगच काढावा लागला असता. मालकांना ही जागा दाखवून दोन पर्याय सांगितले: छटा तशीच ठेवणे, किंवा बंपर पूर्ण खरवडून नव्याने रंगवणे. मधला मार्ग, म्हणजे ‘थोडेसे’ कंपाउंड मारणे, आम्ही करून देणार नाही हेही सांगितले, कारण क्लिअर कोट नसलेल्या त्या पातळ थरातून प्रायमर वर यायला फार वेळ लागला नसता. त्यांनी छटा ठेवण्याचे ठरवले.

सायलेन्सरच्या नळीचे लोखंडी टोक मात्र तारेच्या बारीक लोकरीने मोकळेपणी घासले. तेथे रंग नाही आणि काळजीही नाही. तसेच मालकांना एअर फिल्टर आणि ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) तपासून घेण्यास सांगितले. गाडीची पीयूसी वैध होती, पण तिचा आधार येथे घेता येत नाही: बीएस-४ डिझेल गाड्यांना त्या चाचणीत धुराने प्रकाश शोषण्याची १.६२ प्रति मीटर ही मर्यादा असते आणि तिच्या बऱ्याच आत असलेली गाडीही महिनाभरात बंपर काळवंडू शकते. एअर फिल्टर खरोखरच कोंदलेला निघाला.

त्यानंतर

गाडीचे काम दोन दिवसांत उरकले, सोसायटीचे लांबले. समितीने पहिल्या टप्प्यात नळीला वर वळवणारे बाक आणि तोंडावर पावसाचे झाकण बसवले. नळी गच्चीपर्यंत नेण्याचे काम दरपत्रकांत अडकले होते. दर आठवड्याची चाचणी भारासह, म्हणजे दोन्ही लिफ्ट आणि पंप जोडून, घ्यावी अशी सूचना जनरेटरची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकने केली आणि ती लगेच अमलात आली, कारण तिला पैसे लागत नव्हते. दरम्यान मालकांनी गाडी शेडच्या पश्चिमेच्या एका रिकाम्या जागेत हलवली.

गाडीला कव्हर घालण्याचा सल्ला त्यांना शेजाऱ्यांनी दिला होता. आम्ही तो मोडीत काढला. काजळी आणि धूळ बसलेल्या गाडीवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलते आणि फडक्याचेच काम करते. पावसाळ्यात ते आतून ओले राहते आणि तेलकट काजळी रंगाशी दाबून ठेवते. पुसणाऱ्या मुलासाठी वेगळी सूचना दिली: काजळी दिसेल त्या दिवशी काचा सोडून काहीही पुसायचे नाही, आणि इतर दिवशीही आधी पाणी ओतून मग स्वच्छ मायक्रोफायबर. दोन कापडे मालकांनीच त्याला आणून दिली.

सप्टेंबरच्या मध्यात गाडी तपासणीसाठी आली तेव्हा बॉनेटवर ठिपके होते, पण संख्येने थोडे, आणि सीलंटवर बसलेले असल्यामुळे फोम आणि शॅम्पूच्या एका धुलाईत निघाले. टार रिमूव्हर उघडावा लागला नाही. बंपरवरची छटा होती तितकीच होती. पुढच्या वेळी तो रंगवायचा झाल्यास गॅरेजवाल्याकडून तीन गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात असे मालकांना सांगितले आहे: हार्डनरसह टू-के रंग, त्यावर स्वतंत्र क्लिअर कोट, आणि प्लॅस्टिकवरचा रंग लवचिक ठेवणारे फ्लेक्स अॅडिटिव्ह.